एकोणचाळीस आंकडी मूळसंख्या

दोहोंच्या १२७ व्या घातांतून एक वजा केल्यास १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७ ही संख्या येते. ती मूळसंख्या आहे, असें मर्सेन या फ्रेंच पाद्र्यानें १६४४ सालीं पुराव्यावांचून लिहिलें. मात्र त्याच्याच यादींतला ६७ वा घात पुढें खोटा ठरला! १८७६ सालीं ल्युका यानें एकहि भाजक न चाळतां १२७ व्या घाताची सिद्धता दिली. लेमरनें सुटसुटीत केलेली ती रीत वाचकांनीं पाटीवर अवश्य करून पाहावी. ४ चा वर्ग करून २ वजा करावे, येईल त्याचें पुनः तसेंच करावें. ३१, म्हणजे पांचव्या घातांतून एक उणें, हिच्यासाठीं घातांकाहून दोन कमी, अर्थात् तीन आवर्तनें: १४, १९४, ३७६३४. शेवटच्यास ३१ निःशेष भाग देते, म्हणून ३१ मूळसंख्या. आपल्या संख्येस अशीं १२५ आवर्तनें लागतात. १९५१ सालीं तिच्याहून मोठी सांपडेपर्यंत ज्ञात मूळसंख्यांत हीच सर्वांत मोठी होती.