अजान रेडिओवर, जाहिरात कोपऱ्यावरच्या दुकानाची

रमजानचा रोजा घड्याळावर चालतो आणि ते घड्याळ ज्याच्या त्याच्या गावाचे असते. सूर्य मावळला की इफ्तार, म्हणजे रोजा सोडण्याची वेळ. पण सूर्य सगळीकडे एकाच क्षणी मावळत नाही. नागपूरचा रोजेदार खजूर तोंडात टाकतो, तेव्हा मुंबईच्या रोजेदाराला अजून वीस-पंचवीस मिनिटे थांबायचे असते. आपल्याकडे याची कुणाला अडचण वाटत नाही. मशिदीतून अजान ऐकू येते, शिवाय घराच्या भिंतीवर वेळापत्रक लावलेले असतेच.

ब्रिटनमध्ये जाऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांना ही सोय नव्हती. तिथल्या बहुतेक मशिदींची अजान आतल्या आतच राहते. त्यात तिथले दिवस-रात्रीचे गणितही वेगळे. जूनमध्ये ग्लासगोचा सूर्य लंडननंतर जवळपास पाऊण तासाने मावळतो, तर डिसेंबरात उलट ग्लासगोतच आधी अंधार पडतो. २०१४ ते २०१६ या वर्षांत रमजान तिथे ऐन उन्हाळ्यात आला आणि रोजा अठरा तासांच्याही वर गेला. अशा वेळी एका-एका मिनिटाला मोल येते. देशभर ऐकू जाणारी वाहिनी प्रत्येक गावाची अजान देऊ शकत नाही. ते काम केले गावोगावच्या छोट्या रेडिओ केंद्रांनी.

ही केंद्रे अल्पसंख्याकांची. श्रोते थोडे, त्यातही भाषा अनेक, आणि श्रोत्यांचा खिसाही बहुधा बेताचा. एका शहराच्या बाजारात असे केंद्र स्वतःच्या पायावर उभे राहू शकते का? ब्रिटनने या प्रश्नाची उत्तरे जवळपास पन्नास वर्षे शोधली. काही केंद्रे तगली, काही विकली गेली. कशामुळे काय झाले, हे आपल्यासारख्या मिश्र वस्तीच्या गावांनीही पाहण्याजोगे आहे.

‘येऊ नका’ म्हणणारे शहर

गोष्ट लेस्टरपासून सुरू करावी लागते. ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने तिथल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचे फर्मान काढले. त्यांतले सत्तावीस हजारांहून अधिक लोक ब्रिटनमध्ये आले. लेस्टरच्या नगरपालिकेने तर युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की, आमच्याकडे घरे नाहीत, शाळांत जागा नाही, तेव्हा इथे येऊ नका. तरीही हजारो कुटुंबे लेस्टरलाच आली. त्यांत गुजराती हिंदू होते, मुसलमान होते, शीखही होते.

१९७६ पर्यंत शहरातले वातावरण तापले होते. परक्यांना हाकला म्हणणाऱ्या नॅशनल फ्रंट या पक्षाला त्या वर्षीच्या स्थानिक निवडणुकीत लक्षणीय मते मिळाली. अफवा पसरायला वेळ लागत नव्हता. लेस्टरमध्ये बीबीसीचे स्थानिक रेडिओ केंद्र १९६७ पासून होते. बीबीसीचे देशातले पहिले स्थानिक केंद्र तेच. त्या केंद्राने १९७६ मध्येच आशियाई श्रोत्यांसाठी ‘सिक्स ओ क्लॉक शो’ सुरू केला. त्याआधी बीबीसीने १९६५ पासून रविवारी सकाळी स्थलांतरितांसाठी कार्यक्रम चालवले होते. त्यांचा सूर मात्र पाहुण्यांना घराचे नियम समजावून सांगण्याचा होता. लेस्टरच्या कार्यक्रमाने श्रोत्यांना पाहुणे मानले नाही, शहरातले रहिवासी मानले. शहरात काय घडले, कुठली बातमी खरी आणि कुठली खोटी, कुठे सण आहे, कुठे सभा आहे, हे तो सांगू लागला. अधूनमधून आपल्या ओळखीची गाणीही लागत. पुढच्याच वर्षीच्या एका पाहणीत शहरातले जवळपास दोन तृतीयांश आशियाई लोक तो नेमाने ऐकत असल्याचे दिसले.

हा आकडा महत्त्वाचा आहे. श्रोते थोडे आहेत, ही अडचण खरी. पण त्या थोड्यांतले बहुतेक सगळे ऐकत असतील, तर चित्र बदलते. पुढे लेस्टर आणि बर्मिंगहॅमच्या केंद्रांनी मिळून १९८८ मध्ये ‘एशियन नेटवर्क’ सुरू केले. १९९६ मध्ये ते स्वतंत्र पूर्णवेळ केंद्र झाले आणि २००२ मध्ये डिजिटल रेडिओवरून देशभर पोहोचले.

वेळापत्रकाचे अर्थशास्त्र

बीबीसीच्या मागे परवाना शुल्काचा, म्हणजे जनतेचा पैसा होता. खासगी केंद्रांना तो आधार नव्हता. १९८९ मध्ये ब्रिटनच्या नियामकाने छोट्या भागांसाठी आणि विशिष्ट समाजांसाठी नवे परवाने देण्यास सुरुवात केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पश्चिम लंडनमधल्या साउथॉल भागातून अवतार लिट यांचे ‘सनराइज रेडिओ’ चोवीस तास वाजू लागले. उत्तर लंडनमध्ये ग्रीक लोकांचे केंद्र आले. १९९० मध्ये ब्रिक्स्टनला कृष्णवर्णीयांचे ‘चॉइस एफएम’ आले. ‘स्पेक्ट्रम रेडिओ’ने वेगळीच वाट काढली. एकाच केंद्रावरचे तास वेगवेगळ्या समाजांना भाड्याने द्यायचे. मंगल कार्यालय एके दिवशी एकाचे, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचे, तसे. लेस्टरमध्ये १९९५ पासून ‘सबरस रेडिओ’ स्वतःच्या परवान्यावर सुरू झाला.

यांचा खर्च कसा भागायचा, हे समजायला आपल्याकडचे रमजानचे वेळापत्रक हातात घ्यावे. सहरी आणि इफ्तारच्या वेळा छापलेला तो कागद फुकट मिळतो. पण त्याच्या तळाशी पाहा. कापड दुकान, मिठाईवाला, दवाखाना, मोटार गॅरेज, उमराहला नेणारी यात्रा कंपनी. त्यांत हिंदू दुकानदारांची नावे असतात, मुसलमान दुकानदारांचीही असतात. या कागदासाठी मोठी कंपनी मुंबईहून येत नाही. पण कोपऱ्यावरचा दुकानदार येतो, कारण हा कागद महिनाभर स्वयंपाकघरात टांगलेला राहणार हे त्याला माहीत असते.

ब्रिटनमधली ही केंद्रे याच हिशेबावर उभी राहिली. साड्यांची दुकाने, सराफ, मिठाईची दुकाने, विमानाची तिकिटे काढून देणारे, वकील, मंगल कार्यालये असे हे जाहिरातदार. शहरभर ऐकू जाणाऱ्या मोठ्या केंद्रावर जाहिरात देणे त्यांना परवडत नव्हते आणि त्याचा उपयोगही नव्हता. साउथॉलच्या सराफाला साऱ्या लंडनशी काय करायचे? त्याचे गिऱ्हाईक साउथॉललाच राहते. मोठ्या केंद्रासाठी जी बाजारपेठ नगण्य, ती छोट्या केंद्रासाठी पुरेशी होती. अट एकच, त्या घरांत केंद्र रोज लागले पाहिजे.

मोजणाऱ्याची फूटपट्टी

अडचण येते ती दुकानदाराच्या पलीकडे जाताना. बँका, मोटारींच्या कंपन्या, मोठे किराणा साखळी-उद्योग जाहिरात देताना श्रोत्यांची संख्या विचारतात. ब्रिटनमध्ये ही मोजणी निवडक घरांतल्या लोकांकडून केली जाते. देशभरच्या केंद्राला ती पुरते. पण एका शहरातल्या एका समाजाच्या केंद्रासाठी त्या नमुन्यात मोजकीच माणसे येतात. दहा-वीस माणसांनी इकडचे तिकडे केले, तरी कागदावर केंद्र कधी वर जाते, कधी कोसळते. अशा चढउतारावर वर्षाचे अंदाजपत्रक बांधायचे म्हणजे वाळूवर भिंत उभारण्यासारखे. काही छोटी केंद्रे तर खर्चापायी या मोजणीत भागच घेत नाहीत. मग मोठ्या जाहिरातदाराच्या लेखी ती जणू अस्तित्वातच नसतात.

बीबीसीच्या एशियन नेटवर्कलाही या फूटपट्टीचा फटका बसला. देशभर जाताना त्याने सगळ्यांना आवडेल असे व्हायचा प्रयत्न केला. तरुणांना इंग्रजीतून नवे संगीत हवे होते, आई-वडिलांना जुनी गाणी आणि आपली भाषा. लेस्टरच्या बातमीशी ग्लासगोच्या घराला देणेघेणे नव्हते. श्रोते घटले. मार्च २०१० मध्ये बीबीसीने केंद्र बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. श्रोते, कलावंत आणि लोकप्रतिनिधींनी विरोध केला. त्याच काळात श्रोत्यांची संख्याही पुन्हा वाढू लागली. एका वर्षानंतर, मार्च २०११ मध्ये, केंद्र वाचले. पैसा मात्र मोठ्या प्रमाणात कापला गेला. ज्याची ताकद मोहल्ल्यात होती, त्याला देशाच्या मापाने मोजल्यावर ते लहानच भरणार होते.

यशाचीही किंमत

जी केंद्रे चालली, त्यांच्यापुढे दुसरेच संकट उभे राहिले. चॉइस एफएम दक्षिण लंडनमध्ये इतके गाजले की, २००४ मध्ये ते कॅपिटल या बड्या रेडिओ कंपनीच्या ताब्यात गेले. २०१३ मध्ये त्याचे नावही गेले आणि ते ‘कॅपिटल एक्स्ट्रा’ झाले. नृत्यसंगीत राहिले, पण ज्या वस्तीच्या प्रश्नांवर रात्री चर्चा व्हायची, ती वस्ती मागे पडली. हिशेबाच्या वहीत हे यशच म्हणायचे. वस्तीने मात्र आपले केंद्र गमावले.

सनराइज रेडिओची कथा थोडी वेगळी. चोवीस वर्षांच्या वाटचालीनंतर जानेवारी २०१४ मध्ये कंपनी आर्थिक अडचणीत येऊन प्रशासकाच्या हाती गेली. दरम्यानच्या काळात भारत-पाकिस्तानच्या उपग्रह वाहिन्या घराघरांत आल्या होत्या, पाठोपाठ मोबाइलवर हवे ते गाणे मिळू लागले होते. त्याच वर्षी केंद्र लायका समूहाने घेतले. हा समूह परदेशी फोन स्वस्तात लावून देण्याच्या धंद्यातून वाढलेला. ज्या स्थलांतरिताच्या जिवावर असे फोनवाले मोठे झाले, तोच रेडिओचाही श्रोता होता.

यातून एक गोष्ट उघड होते. गाणी हे या केंद्रांचे भांडवल फार काळ पुरत नाही. गाणे दुसरीकडेही मिळते. आपल्या गल्लीतल्या मयताची खबर, शाळेच्या प्रवेशाची शेवटची तारीख, बंद झालेला रस्ता आणि आजच्या इफ्तारची वेळ मात्र लंडनच्या किंवा मुंबईच्या स्टुडिओतून मिळत नाही.

अठ्ठावीस दिवसांचे केंद्र

याचे सगळ्यांत स्पष्ट उदाहरण म्हणजे ‘रेडिओ रमजान’. ब्रिटनच्या १९९० च्या प्रसारण कायद्याने अल्पमुदतीच्या परवान्याची सोय केली. छोटे क्षेत्र, कमी शक्तीचा ट्रान्समीटर आणि मुदत साधारण अठ्ठावीस दिवस. फुटबॉल सामने, विद्यापीठांचे महोत्सव यांसाठी तो वापरला जाऊ लागला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रॅडफर्डच्या मुसलमानांनी तो रमजानसाठी घेतला आणि मग एकेका शहराने तो कित्ता गिरवला.

या केंद्रांत पगारी माणूस क्वचितच. दिवसा नोकरी करणारे संध्याकाळी निवेदक होतात. सहरीच्या आधी कुराणपठण, दुपारी आरोग्याचा सल्ला, मधुमेह असलेल्यांनी रोज्याबाबत डॉक्टरांना काय विचारावे याची माहिती, इफ्तारनंतर धर्मादाय कामांसाठी आवाहन असा दिवस भरतो. रमजानमध्ये जकात आणि सदका, म्हणजे दानधर्म, सढळ हाताने होतो. त्यामुळे मदतीचे आवाहन ऐकणारेही असतात आणि देणारेही. ज्या मुलींना घराबाहेर व्यासपीठ मिळत नव्हते, त्यांतल्या कितीतरी जणी इथे पहिल्यांदा माइकसमोर बसल्या.

महिनाभर चालणारे हे केंद्र वर्षभर का चालू नये, हा प्रश्न साहजिकच पुढे आला. २००२ मध्ये ब्रिटनने पंधरा सामुदायिक केंद्रांचा प्रयोग केला. त्यांत ग्लासगोचे ‘आवाज एफएम’ होते आणि साउथॉलचे ‘देसी रेडिओ’ही होते. देसी रेडिओने धर्म नव्हे, पंजाबी भाषा हा धागा धरला. तो धागा गुरुद्वाऱ्यात जाणाऱ्यालाही बांधत होता आणि मशिदीत जाणाऱ्यालाही. २००४ मध्ये अशा केंद्रांसाठी कायमचे नियम आले. नफा वाटून घ्यायचा नाही, समाजाला काय फायदा देणार ते लेखी सांगायचे, आणि कुठल्याही एकाच स्रोतातून निम्म्याहून अधिक उत्पन्न घ्यायचे नाही. हा शेवटचा नियम अनेकांना जाचक वाटला. पण त्यात शहाणपणही होते. एका सावकाराच्या, एका पक्षाच्या किंवा एकाच संस्थेच्या पैशावर चालणारे केंद्र त्याच्याच सुरात बोलू लागते.

आपल्याकडे काय?

भारतात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. तरी खासगी एफएम केंद्रांना आजही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचे बातमीपत्र आहे तसे लावता येते. परवान्यांचे लिलाव होतात आणि बोली परवडते ती बहुधा मोठ्या कंपनीला. साहजिकच सगळीकडे तीच चित्रपटगीते वाजतात.

दुसरी वाट सामुदायिक रेडिओची. २००२ मध्ये ती शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना खुली झाली. शक्ती शंभर वॅट, आवाका दहा-पंधरा किलोमीटर. सातारा जिल्ह्यात म्हसवडच्या माणदेशी महिलांचे केंद्र याच वाटेने उभे राहिले. हरियाणातल्या मुस्लिमबहुल मेवात भागात २०१२ पासून ‘अल्फाज-ए-मेवात’ वाजते. त्यावर धर्माची चर्चा थोडी आणि पाणी, शेती, आरोग्य, मुलींचे शिक्षण यांची चर्चा अधिक. तिथल्या लोकांचे रोजचे जगणेही त्याच विषयांचे आहे.

ब्रिटनचा अनुभव हेच सांगतो. ‘आमचा आवाज’ एवढ्या भांडवलावर केंद्र निघते, पण टिकत नाही. ते टिकते शेजाऱ्याच्या उपयोगाला आल्यावर. उपयोगाला येणारा आवाज मग एकाच समाजाचा राहत नाही. लेस्टरमध्ये २०२१ च्या जनगणनेनुसार शंभरातले जवळपास तेवीस लोक मुसलमान आणि अठरा हिंदू आहेत. तिथल्या एकाच केंद्राला रमजानही लागतो आणि बेलग्रेव्ह रोडवरची दिवाळीही लागते, कारण श्रोते एकाच बाजारात खरेदी करतात.

आपल्याही गावात असे केंद्र निघाले, तर त्याची पहिली जाहिरात कुठल्या बड्या कंपनीची नसेल. ती बहुधा त्याच दुकानांची असेल, ज्यांची नावे आज रमजानच्या वेळापत्रकाच्या तळाशी शेजारी-शेजारी छापलेली असतात.