सारख्या खोल्या, असमान शेजारी

५ जानेवारी १९७४ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींजवळ दलित पँथर या दलित तरुणांच्या संघटनेची सभा होती. मध्य-दक्षिण मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीवर पँथरने बहिष्कार पुकारला होता आणि तिचे नेते राजा ढाले, नामदेव ढसाळ त्यावर बोलायला आले होते. सभेवर दगड आले, पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि वरळी-नायगावच्या चाळी त्यानंतर कित्येक आठवडे धुमसत राहिल्या. पोलिसांच्या गोळीबारात रमेश देवरुखकर यांचा बळी गेला. १० जानेवारीला परळमध्ये पँथरच्या मोर्चावर वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव मृत्युमुखी पडले. ही दंगल का झाली, असे विचारले की ‘भडक भाषणांमुळे’ हे उत्तर सहज मिळते. भाषणे जहाल होती, हे खरेच. पण भाषणाने एखादी सभा तापते. वर्षानुवर्षे शेजारी राहिलेली माणसे आठवडेच्या आठवडे एकमेकांवर उठतात, तेव्हा कारण त्याआधीच्या व्यवहारात शोधावे लागते.

पँथरने ज्यांच्यावरून नाव घेतले, त्या ब्लॅक पँथरच्या अमेरिकेतही हाच प्रश्न विचारला गेला. १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत दारू पिऊन गाडी चालवल्याच्या संशयावरून एका काळ्या तरुणाला अडवले गेले. त्यातून पेटलेल्या दंगलीत ३४ माणसे मेली. १९६७ मध्ये डेट्रॉइटमध्ये विनापरवाना गुत्त्यावर पोलिसांची धाड पडली आणि ४३ बळी गेले. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या कर्नर आयोगाने १९६८ मध्ये अहवाल दिला. त्यात दंगलींमागे कोणताही देशव्यापी कट आढळला नाही. आढळली ती पोलिसांची वागणूक, बेकारी, कोंडलेल्या वस्त्या आणि या सगळ्याला पोसणारा गोऱ्या समाजातला वंशभेद. आणखी एक गोष्ट महत्त्वाची होती: दंगलीत उतरलेले तरुण दंगलीपासून लांब राहिलेल्या शेजाऱ्यांपेक्षा सरासरीने थोडे अधिकच शिकलेले होते. म्हणजे नुसत्या गरिबीने दंगलीचा उलगडा होत नाही.

वरळीत तर हे अधिकच स्पष्ट दिसते. बीडीडी चाळीत सवर्ण आणि दलित, दोघांचीही खोली सुमारे १६० चौरस फुटांची. दोघेही कष्टकरी आणि दोघांचेही पोट बहुधा गिरणीवर. तरीही गिरणीत पूर्वापार अस्पृश्य कामगाराला जास्त मजुरीच्या विणखात्यात प्रवेश नव्हता, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ मानला जाई. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. खोल्या सारख्या होत्या, प्रतिष्ठा सारखी नव्हती. शिकलेल्या दलित तरुणाने बरोबरीचा हक्क सांगितला, तेव्हा ते अंतर टिकवू पाहणारे बिथरले. त्यात या चाळींत पोलिसांचीही बिऱ्हाडे होती. त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाचा प्रश्न दंगलीनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती भस्मे आयोगाच्या चौकशीत ऐरणीवर आला. तक्रार ऐकणाराच एका बाजूचा आहे असे वाटू लागले की माणूस कायद्याकडे पाठ फिरवतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की अमेरिकेत रोष मुख्यतः पोलिसांवर आणि दुकानांवर निघाला, तर वरळीत शेजारी शेजाऱ्यावर उठला. मग तुलना कशी करायची? हा फरक मोठा आहे. पण पोलिसांवरचा उडालेला विश्वास आणि बरोबरीला होणारा विरोध ही दोन्ही सूत्रे दोन्हीकडे सापडतात आणि माझी तुलना तेवढ्यापुरतीच आहे. दुसरा आक्षेप असा, की कारणे सांगणे म्हणजे हिंसेला माफी देणे. मला हे मान्य नाही. दगड टाकणारा गुन्हेगारच आहे आणि त्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण शिक्षा फक्त घडून गेलेल्या गुन्ह्याचा हिशेब मिटवते. पुढची दंगल टाळायची तर कारणच दूर करावे लागते.

बीडीडी चाळींच्या जागी म्हाडा आता ५०० चौरस फुटांची घरे उभारत आहे. कोंडलेल्या माणसांना मोकळी जागा मिळते आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र वरळीचा धडा असा, की सारखे घर मिळाल्याने सारखा मान आपोआप मिळत नाही. नोकरी देताना, घर भाड्याने देताना, पोलीस ठाण्यात तक्रार घेताना जात पाहिली जाणार नाही, याची हमी शांततेच्या काळातच द्यावी लागते. चौकशी आयोगांच्या अहवालांचा खरा उपयोग तोच आहे.