कायदा बायकांसाठी झाला, पण कर्जाचं दारच बंद झालं



"सरकारने या मायक्रोफायनान्सवाल्यांना बंदच करावं," असं गटाच्या बैठकीत बऱ्याचदा कानावर येतं. वसुलीचा त्रास बघितला की तसं वाटणारच. पण एका राज्यात खरंच कडक कायदा झाला, तेव्हा काय घडलं ते बघू या.

साल २०१०. आंध्र प्रदेशात (तेव्हा तेलंगणाही त्यातच होतं) एकेका बाईच्या डोक्यावर दोन-तीन कंपन्यांचं कर्ज. दर आठवड्याला हप्ता, वसुलीवाला दारात. आत्महत्यांच्या बातम्या आल्या. ऑक्टोबरमध्ये सरकारने अध्यादेश काढला: हप्ता महिन्याने घ्यायचा, घरी जाऊन वसुली करायची नाही, गटातल्या बाईला आणखी कर्ज द्यायचं तर आधी सरकारी मंजुरी. हेतू चांगलाच होता.

पण "आता भरायची गरज नाही," असा अर्थ लोकांनी काढला. काही पुढाऱ्यांनीही तसंच सांगितलं. आधी जवळजवळ पूर्ण होणारी वसुली काही महिन्यांत १० टक्क्यांच्या आसपास आली. कंपन्यांचे पैसे अडकले, म्हणून बँकांनी त्यांना पैसे देताना हात आखडला. मग कंपन्यांनी दुसऱ्या राज्यांतलंही वाटप कमी केलं. तिथल्या बायका तर वेळेवर फेडत होत्या!

पुढे संशोधकांनी तपासलं, तर जिथे कर्ज जास्त आटलं तिथे मजुरीही घटली होती. धंदा बसला की कामाला माणसं लागत नाहीत. म्हणजे ज्या बाईने कर्ज घेतलंच नव्हतं, तिलाही झळ बसली.

आज रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. घराचं वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल, तर घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त नकोत. महिन्याला १२,००० येत असतील तर हप्ते ६,००० पर्यंतच. नियम आपल्या भल्याचा आहे. पण मर्यादा संपली आणि घरात अचानक दवाखाना निघाला, तर कंपनी नाही म्हणेल आणि पाय सावकाराकडे वळतील.

म्हणून पुढच्या बैठकीत दोन गोष्टी करा. प्रत्येकीने घराचं उत्पन्न आणि सगळे हप्ते कागदावर मांडा. आणि गटाच्या निधीतला थोडा भाग फक्त अडीअडचणीच्या अंतर्गत कर्जासाठी बाजूला ठेवायचा ठराव घ्या. तो ठराव इतिवृत्तात लिहायला विसरू नका.

– तुमची क्षेत्र समन्वयक