बर्फ वितळतो, पण तो ‘रिव्हर्सिबल’ आहे का?

बर्फाचं पाणी होतं, पाण्याचा पुन्हा बर्फ होतो. म्हणून हा रिव्हर्सिबल बदल. राखेचं लाकूड होत नाही. म्हणून तो इर्रिव्हर्सिबल. शाळेच्या पुस्तकात परिवर्तनीय आणि अपरिवर्तनीय म्हणून भेटणारी ही जोडी लहान वर्गांपुरती चालून जाते. पुढे उष्मागतिकी सुरू झाली की तोच शब्द वेगळ्याच अर्थानं येतो, आणि हा फरक वर्गात क्वचितच कुणी सांगतं. बहुतेक गैरसमज तिथूनच निघतात.

त्यातला एक मात्र शाळेतच पक्का होतो: भौतिक बदल तेवढे उलटतात, रासायनिक उलटत नाहीत. चुन्याचं बघा. चुनखडी भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सियसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. पाणी घातलं की तो फसफसून विरतो. भिंतीत गेल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं शोषत त्याचं पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतं. जुन्या वाड्याच्या सांध्यांत घट्ट बसलेला तो चुना रासायनिकदृष्ट्या चुनखडीच असतो. मोरचूद तापवलं की पांढरं पडतं, पाण्याच्या थेंबानं परत निळं होतं. उलट काच फुटणं हा निव्वळ भौतिक बदल, पण तुकडे आपणहून जुळत नाहीत. हा नियम पाठ्यपुस्तकांनी आता सोडून द्यावा.

आता बर्फाकडे. वस्तू मूळ स्थितीला आली की बदल रिव्हर्सिबल ठरला, असं आपण धरून चालतो. उष्मागतिकीची अट कडक आहे: वस्तूबरोबर तिचा भोवतालही जसाच्या तसा परत आला पाहिजे. शून्य अंशाचा एक किलो बर्फ २७ अंशांच्या खोलीत वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो. ती काढून घेऊन त्याच खोलीत पुन्हा बर्फ करायचा, तर सर्वोत्तम काल्पनिक यंत्रालाही किमान ३३ किलोज्यूल काम करावं लागतं. घरातला फ्रीज त्याच्या कितीतरी पट वीज घेतो आणि सगळी उष्णता मागच्या जाळीतून खोलीत सोडतो. बर्फ परत मिळाला. पण वीज गेली आणि खोली तापली. म्हणजे खोलीतलं वितळणं इर्रिव्हर्सिबलच. तोच बर्फ शून्यापेक्षा केसभरच उबदार भोवतालात वितळला, तर मात्र तो रिव्हर्सिबलच्या अगदी जवळ जातो, कारण तापमान तितकंच उतरवलं की गाडी उलट्या दिशेनं चालू लागते.

यावरून ‘सावकाश केलं की रिव्हर्सिबल’ असा सोपा अर्थ विद्यार्थी काढतात. तोही अपुरा. बारीक पंक्चर झालेल्या टायरमधून हवा रात्रभर जाते, पण ती कुठल्याही क्षणी परत आत शिरत नाही. वेग कमी असणं पुरत नाही. प्रत्येक टप्प्यावर दोन्ही बाजू जवळजवळ समतोल हव्यात आणि घर्षण नको.

अशी प्रक्रिया प्रत्यक्षात पूर्णपणे कुठेच घडत नाही. मग तिचा अभ्यास कशाला? सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्यानं १८२४ साली दाखवलं की ठरावीक दोन तापमानांमध्ये चालणारं कुठलंही इंजिन रिव्हर्सिबल इंजिनाच्या पुढे जाऊच शकत नाही. वाफ ५४० अंशांची आणि थंड बाजू ३० अंशांची असेल, तर कार्यक्षमतेची कमाल मर्यादा येते सुमारे ६३ टक्के. कोळशावरची वीजकेंद्रं ३५ ते ४० टक्क्यांच्या आसपास असतात. तंत्रज्ञ कितीही हुशार असला तरी त्याची धडपड त्या ६३च्या आतलीच.

रसायनशास्त्रात आणि वैद्यकात हा शब्द सैल वापरतात: अभिक्रिया दोन्ही दिशांनी जाऊ शकते, एवढंच. पण म्हणून ती सहज उलटते, असं नाही. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साचला, तर तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट धरतो. हे बंधन रिव्हर्सिबलच आहे. साध्या हवेत त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास. पण तेवढ्या वेळात मेंदूच्या पेशी मेल्या, तर त्या रक्त साफ झाल्यावरही परत येत नाहीत.