प्रिंटरचा पत्ता

कचेरीतील संगणकांना एकत्र बांधणारे तारेचे जाळे आज सर्वत्र दिसते. परंतु त्याच्या जन्माला प्रिंटरच निमित्त झाला, हे सहसा कोणाच्या ध्यानात नसते. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीचे संशोधन केंद्र होते. तेथे गॅरी स्टार्कवेदर यांनी १९७१ साली झेरॉक्सच्या प्रती काढणाऱ्या यंत्रात फेरफार करून लेसर किरणाने छापणारा प्रिंटर सिद्ध केला. सेकंदाला एक पान, असा त्याचा वेग. असले महागडे यंत्र प्रत्येकाच्या टेबलावर ठेवणे अशक्य, आणि एकाच्याच स्वाधीन केले तर इतरांनी काय करावे? यंत्र एक, छापणारे अनेक! हा पेच सोडविण्यासाठी रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी एक टिपण लिहिले, आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्याने एकाच लांब तारेवर सर्व संगणकांना बोलते करण्याची युक्ती प्रत्यक्षात आणली. तिचे नाव ‘इथरनेट’. सर्व अवकाश व्यापून राहणारा आणि प्रकाशाला वाहून नेणारा ‘ईथर’ नावाचा पदार्थ असला पाहिजे, असे एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञ मानीत. तो पुढे कोणाला सापडला नाही. नाव मात्र तारेला चिकटले ते कायमचे.

पन्नासाहून अधिक वर्षे लोटली, तरी आपल्या वाचनालयाच्या, मंडळाच्या किंवा पतपेढीच्या कचेरीत पेच तोच आहे. टेबले तीन, प्रिंटर एक. तो बहुधा हिशेबनिसांच्या संगणकाला आखूड केबलने जोडलेला असतो. हिशेबनीस रजेवर गेले, त्यांचा संगणक बंद राहिला, की प्रिंटरही मुका होतो. मग कोणी बिनतारी जोडणीचा सल्ला देतो. नव्या इमारतीत ती ठीक चालते. परंतु आपल्या अनेक संस्था जुन्या वाड्यांत आहेत, आणि तेथील जाडजूड भिंती बिनतारी लहरींना सहजासहजी वाट देत नाहीत. सभासदांना वार्षिक सभेची सूचना मुदतीत धाडायची असते, पाचशे प्रती काढायच्या असतात, आणि नेमक्या त्या दुपारी पडद्यावर ‘प्रिंटर ऑफलाइन’ ही अक्षरे उमटतात. सूचनेला उशीर झाला तर सभेच्या वैधतेवरच बोट ठेवणारा एखादा सभासद प्रत्येक संस्थेत असतोच. अशा ठिकाणी प्रिंटर सरळ तारेने जाळ्याला जोडावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

तार जोडणे हा यातला सोपा भाग. नेटवर्कच्या केबलमध्ये आठ बारीक तारा, एकमेकींना पीळ घातलेल्या चार जोड्यांत असतात. हा पीळ शोभेसाठी नव्हे. शेजारच्या तारांमुळे होणारा व्यत्यय त्याने बराच कमी होतो. तरीही ही केबल विजेच्या तारांबरोबर एकाच नळीतून नेऊ नये. एका ठिकाणापासून दुसऱ्यापर्यंत ती १०० मीटरपर्यंत नेता येते, म्हणजे वाड्याच्या दुसऱ्या टोकालाही पुरते. तिचे एक टोक प्रिंटरच्या पाठीमागे आणि दुसरे राउटरच्या किंवा स्विचच्या खोबणीत बसवायचे. फॅक्सची सोय असलेल्या प्रिंटरला टेलिफोनच्या तारेसाठीही खोबण असते. ती थोडी अरुंद असते, तिच्याशी झटापट करू नये. जोड नीट बसला की खोबणीजवळचा बारीक दिवा बहुधा लुकलुकू लागतो. दिवा लागला नाही तर केबल बदलून पाहावी. संगणकाच्या नादी तोवर लागूच नये.

खरी मेख आहे ती पत्त्याची. जाळ्यातील प्रत्येक यंत्राला एक अंकी पत्ता असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०४. संगणक छापावयाचा मजकूर प्रिंटरच्या खोलीकडे किंवा नावाकडे पाहून पाठवीत नाही. या पत्त्यावर पाठवितो. आणि हा पत्ता सामान्यतः राउटर वाटतो, तोही ठराविक मुदतीपुरता. धर्मशाळेचा व्यवस्थापक आल्यागेल्याला रिकामी खोली देतो, तसाच हा प्रकार. पाहुणा मुक्कामाला असेतोवर खोली त्याची. तो चार दिवस बाहेर गेला, तर परतल्यावर तीच मिळेल याची शाश्वती नाही. दिवाळीच्या सुटीत प्रिंटर आठवडाभर बंद राहिला, किंवा वीज जाऊन राउटर नव्याने सुरू झाला, की प्रिंटरला १०४ च्या जागी १०७ मिळू शकतो. संगणक बापडे १०४ चेच दार ठोठावीत बसतात. यंत्रात बिघाड नाही, तार शाबूत आहे, शाई भरलेली आहे, आणि तरी कागद बाहेर येत नाही. पुष्कळ कचेऱ्यांत या अवस्थेत दुरुस्तीवाल्याला बोलावतात. तो येतो, प्रिंटर काढून पुन्हा जोडतो, पैसे घेऊन जातो, आणि पुढच्या सुटीनंतर पुन्हा येतो.

यावर उपाय म्हणजे प्रिंटरचा पत्ता कायम करणे. प्रत्येक प्रिंटरमध्ये स्वतःच्या जोडणीची माहिती छापून देण्याची सोय असते. यंत्रावरील नेटवर्कच्या यादीतून ते पान काढावे. त्यावर सध्याचा पत्ता असतो, आणि दुसरा एक बारा अक्षरअंकांचा ‘मॅक’ पत्ता असतो. हा दुसरा कारखान्यातच ठरतो, जणू यंत्राची जन्मखूणच. राउटरच्या पानावर जाऊन, या जन्मखुणेच्या यंत्राला नेहमी अमुकच अंक द्यावा, अशी नोंद करता येते. पत्ता प्रिंटरवरच हाताने भरण्याचीही रीत आहे. मात्र तो राउटर ज्या अंकांचे वाटप करतो त्यांच्या बाहेरचा हवा. राउटर १०० ते २०० वाटत असेल तर प्रिंटरला ५० द्यावा. नाहीतर एकाच खोलीच्या दोन किल्ल्या दोघांच्या हाती जायच्या! मला स्वतःला राउटरमधील नोंद पसंत आहे, कारण सगळा कारभार एके ठिकाणी राहतो. एक खबरदारी सांगतो. बिनतारी जोडणीची आणि तारेची जन्मखूण वेगवेगळी असते, आणि अनेक प्रिंटरांत तार लावताच बिनतारी जोडणी आपोआप बंद होते. तेव्हा तार लावल्यानंतरच ते पान छापावे. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरशी गाठच पडलेली नाही असे समजून केबलकडे परत वळावे.

हा पत्ता आणि ती जन्मखूण संस्थेच्या दप्तरात, शाईने, लिहून ठेवावी. हे सारे ठाऊक असते ते एखाद्या हौशी तरुण कार्यकर्त्याला. तो नोकरीसाठी पुण्याला किंवा परदेशी गेला की ज्ञानही त्याच्याबरोबर जाते. इंटरनेट पुरविणारी कंपनी जुना राउटर नेऊन नवा बसविते तेव्हा त्यातील नोंदीही जुन्याबरोबर जातात. त्या दिवशी दप्तरातील ती एक ओळ पाच मिनिटांत काम भागविते.

संगणकांवरचे काम त्यामानाने किरकोळ आहे. संगणक आपण होऊन प्रिंटर शोधून देतो खरा, पण पत्ता स्वतः भरून केलेली जोडणी अधिक टिकते, असा अनुभव आहे. पूर्वी प्रिंटरसाठी त्याच्या उत्पादकाचा प्रोग्रॅम प्रत्येक संगणकावर भरावा लागे; आता बहुतेक नव्या प्रिंटरांना त्याची गरज पडत नाही.

मराठी कचेरीची एक अडचण येथे सांगितली पाहिजे. जुन्या देवनागरी फाँटमध्ये लिहिलेली इतिवृत्ते ज्या संगणकावर तो फाँट आहे तेथून सुरेख छापली जातात. दुसऱ्या टेबलावरून काढली तर कागदावर भलतीच चिन्हे उमटतात. दोष प्रिंटरला देतात. वस्तुतः अक्षरांची आकृती संगणक घडवून पाठवितो, प्रिंटर ती निमूट उतरवितो. असा मजकूर मूळ संगणकावर पीडीएफ करून मग कोठूनही छापावा. नवे लेखन तर युनिकोडमध्येच करावे.

जाळ्यात आलेला प्रिंटर हा स्वतः एक छोटा संगणकच असतो, आणि त्याचे दार बाहेरच्या जगाला उघडे राहू शकते. नोव्हेंबर २०१८ मध्ये एका अज्ञात इसमाने जगभरातील सुमारे ५०,००० प्रिंटरांवर एका यूट्यूब वाहिनीची जाहिरात छापल्याचा दावा केला. त्यासाठी कोणाच्या कचेरीत शिरावे लागले नाही. ते प्रिंटर इंटरनेटवर उघडे होते, एवढेच पुरले. जाहिरातीने कागद वाया जातो. पतपेढीत मात्र कर्जदारांच्या याद्या आणि ठेवींच्या पावत्या याच यंत्रातून जातात. म्हणून प्रिंटरपर्यंत बाहेरून येणारी वाट राउटरमध्ये उघडू नये, आणि कारखान्यातून आलेला त्याचा संकेतशब्द पहिल्याच दिवशी बदलावा. नवा संकेतशब्द कार्यवाहांच्या कपाटात बंद पाकिटात ठेवावा. चिठ्ठीवर लिहून प्रिंटरच्याच झाकणावर चिकटवू नये.