विश्लेषण : दहा हजार डॉलरचा चित्रपट ३० वर्षे का अडकला?

चार्ल्स बर्नेट यांचा ‘किलर ऑफ शीप’ हा अमेरिकी चित्रपट १९७७ मध्ये पूर्ण झाला. ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने १९९० मध्येच जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या राष्ट्रीय यादीत त्याचा समावेश केला. चित्रपटगृहांत मात्र तो रीतसर लागला २००७ मध्ये.

चित्रपटात काय आहे?

लॉस एंजेलिसच्या वॉट्स या कृष्णवर्णीय वस्तीत राहणारा स्टॅन मेंढ्यांच्या कत्तलखान्यात राबतो. त्याला झोप लागत नाही. घरात मारझोड नाही, दारू नाही, मोठे भांडणही नाही. नवरा थकून गप्प झाला आहे, एवढेच. एका प्रसंगात बायको गाण्यावर त्याच्यासोबत संथ नाचते, त्याला जवळ ओढते आणि गाणे संपताच तो बाजूला होतो. दुसऱ्या प्रसंगात तो मित्रासोबत मोटारीचे जुने इंजिन विकत घेतो, जिन्यावरून धापा टाकत खाली आणतो. ते गाडीच्या कडेलाच ठेवले जाते, गाडी हलताच पडून फुटते. दोघे ते रस्त्यातच टाकून निघून जातात. गरिबीवरचे भाषण कुठेच नाही आणि त्याची गरजही भासत नाही.

मग अडले कुठे?

हा बर्नेट यांचा कॅलिफोर्निया विद्यापीठातील पदव्युत्तर प्रबंध. लेखन, छायाचित्रण, संकलन त्यांचेच. चित्रीकरण सुट्टीच्या दिवशी, १६ मिमी कृष्णधवल फिल्मवर. कलाकारांत बहुतेक हौशी मंडळी आणि शेजारची पोरे. खर्च दहा हजार डॉलरहून कमी.

पण डायना वॉशिंग्टन, पॉल रोबसन यांच्यासारख्यांची गाणी त्यात होती. विद्यार्थ्याच्या चित्रपटाला महोत्सवात कोणी अडवत नाही. तिकीट लावायचे तर गीताचे आणि ध्वनिमुद्रणाचे असे दोन्ही हक्क घ्यावे लागतात. ते मिळवायला अखेर सुमारे दीड लाख डॉलर लागले, म्हणजे चित्रपटाच्या खर्चाच्या पंधरा पट. गाणी काढून टाकणे स्वस्त पडले असते. पण त्या नाचात संवाद जवळपास नाहीतच, जे काही आहे ते गाण्यात.

तरीही डायना वॉशिंग्टन यांच्या ‘अनफर्गेटेबल’चे हक्क २००७ मध्ये मिळाले नाहीत. शेवटी त्यांचेच, नाचाच्या प्रसंगातले गाणे पुन्हा वापरण्यात आले. मूळ गाणे परतले ते २०२५ च्या पुनर्प्रदर्शनात.