बावन्नातून अठ्ठावीस

बेरीज मुलांना गोड लागते. वजाबाकीशी मात्र पुष्कळांचे पहिल्या दिवसापासून वाकडे येते. गणिताशी जन्माचे वैर अनेकदा इथेच सुरू होते, आणि ‘ढ’ हा शिक्काही इथेच बसतो. प्राथमिक शाळेत बरीच वर्षे दुसरी-तिसरीचे वर्ग घेतल्यावर माझे मत असे झाले आहे की, दोष मुलाच्या डोक्यात क्वचितच असतो. तो बहुधा शिकवण्याच्या क्रमात असतो.

मुलांना ५२ मधून २८ वजा करायला सांगा. काही मुले हमखास ३६ लिहितात. मोठी माणसे तांबडी फुली मारून मोकळी होतात. पण हे ३६ आले कुठून? मुलाने ८ मधून २ काढले, राहिले ६. मग ५ मधून २ काढले, राहिले ३. ‘नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचे’ असे त्याला कोणीतरी सांगितलेले असते. ते त्याने इमानाने पाळले, इतकेच! म्हणून फुलीच्या आधी ‘कसे केलेस रे?’ एवढे विचारावे.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. संध्याकाळी आईजवळ बाजारात भाजी विकायला बसे. वहीत तिची अशी प्रत्येक वजाबाकी चुके. एकदा मी म्हटले, “अगं, २८ रुपयांची भाजी घेतली नि पन्नासाची नोट दिली, तर परत किती देशील?”

“बावीस, बाई.”

“ते कसे?”

“अठ्ठावीसवर दोन दिले की तीस झाले. तिसावर वीस दिले की पन्नास.”

“आणि गिऱ्हाइकाने बावन्न दिले असते तर?”

“मग आणखी दोन. चोवीस!”

वहीत न येणारे उत्तर तिच्या तोंडावर होते. ती काढून घेत नव्हती, भर घालीत पुढे जात होती. आणि तरीही ती वजाबाकीच होती.

वजाबाकीला असे तीन चेहरे आहेत. पाच लाडवांतले दोन खाल्ले, उरले किती? माझ्याकडे पाच, तुझ्याकडे दोन, मला जास्त किती? दोन आहेत, पाच व्हायला आणखी किती हवेत? उत्तर तिन्हींचे एकच. पण मुलाला या तीन निराळ्या गोष्टी वाटतात. दुसऱ्या प्रश्नात तर कोणी काही खाल्लेलेच नाही! आपण पहिलाच चेहरा दाखवतो आणि बाकीचे दोन मुलाने आपोआप ओळखावेत, अशी अपेक्षा धरतो.

मांडणीची वजाबाकी यानंतर, आणि तीही आधी हातांनी. दहा-दहा काड्यांच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या मुलापुढे ठेवा आणि आठ काड्या मागा. ते क्षणभर थांबेल, मग स्वतःच एक जुडी सोडील. आता जुड्या ४, सुट्या १२. आठ दिल्या, राहिल्या ४. दोन जुड्या दिल्या, राहिल्या २. चोवीस!

‘शेजारच्या घरातून एक उसना घेतला’ ही जुनी भाषा मला रुचत नाही. एका चौकस मुलाने विचारलेच होते, “बाई, मग तो परत कधी करायचा?” उसना कसला? ते तर नोट मोडून सुटे घेणे आहे. १९५७ साली दशमान नाणी येण्यापूर्वी रुपया मोडला की १६ आणे हाती येत. तास मोडला की आजही ६० मिनिटे येतात. मोडणे समजले की कुठेच अडत नाही. ‘दहा उसने’ एवढेच पाठ असले, तर घड्याळापाशी गाडी अडते. तसेच ‘लहानातून मोठे जात नाही’ असेही म्हणू नये. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्येच अशा वजाबाकीला ‘ऋण’ हे उत्तर देऊन ठेवले आहे. ‘सुटे पुरत नाहीत’ म्हणावे; ते खरेही आहे.

आपल्या मराठीने तर वजाबाकी बोलण्यातच पेरून ठेवली आहे. ‘ऊन’ म्हणजे कमी. एकोणीस म्हणजे विसाला एक कमी. १९ पासून ८९ पर्यंत अशी आठ नावे आहेत. निसटले ते फक्त नव्याण्णव. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आले, तेव्हा केवढा गदारोळ उठला! पण अडचण खरीच आहे. ‘एकोणतीस’ ऐकून मूल ३९ लिहिते, कारण त्याला ‘तीस’ तेवढे ऐकू येते. ‘तिसाला एक कमी’ असे सांगितले, की त्याची चूकही सुटते आणि वजाबाकीचा एक धडाही होतो.

घरी फराळाचा डबा उघडाल तेव्हा हे तिन्ही प्रश्न मुलांना विचारून पाहा. उत्तर चुकले तर रागावू नका. कसे काढले ते ऐका. आणि लाडू मात्र हिशेब होईपर्यंत अडवून ठेवू नका!